बायजाच्या होडीतले प्रोफेसर

भाद्रपदातली दुपार होती. ठाण्याच्या बंदरावर भुरभुर पाऊस पडत होता आणि बाळकुमचा रस्ता ओढ्याच्या पाण्यानं खचल्यामुळे सगळी वाट खाडीकडे वळली होती. भरलेल्या होड्या एकेक करून निघून गेल्या. मागे उरली एकच होडी, आणि काठावर उरला काळ्या कोटातला, पांढऱ्या पागोट्यातला एक तरुण.

होडीत वल्हं धरून एक तरुण बाई उभी होती. लुगडं गुडघ्याशी घट्ट खोचलेलं, कपाळ कोरं, केसांवर पावसाचे बारीक थेंब.

"बाळकुमला नेशील का?" त्यानं विचारलं.

"बसा, सायेब. मदोमद बसा, नायतर कोटाला पानी लागंल."

ती कोलशेतच्या गोविंदाची मुलगी, बायजा. लग्नानंतर वर्षभरातच तापाच्या साथीत नवरा गेला. ती बापाच्या घरी परतली, आणि बापाचे गुडघे धरले तेव्हा तिनं त्याची होडी हाती घेतली. आगऱ्यांत विधवेचा पाट लागतो; दुसऱ्या लग्नाला कुणाची आडकाठी नसते. तिलाही दोन ठिकाणांहून मागणी आली होती. पण दोघांनीही पहिली अट घातली ती होडी सोडायची. बायजानं दोघांनाही परत पाठवलं.

"बालकुमला कोनाकडं?" तिनं विचारलं.

"भोइरांकडे."

"गोपीनाथच्या घरी? त्यो भेटायचा नाय. मुंबयला मोठा झालाय त्यो. एम्येला पयला आयला, युनिवरसिटीनं सोन्याचा पदक दिला, न आता कालेजात गनिताचा प्रोफेसर केलाय." तिनं एक लांब वल्हं मारलं. "आता कुना वकिलाची गोरी पोर करील, न बालकुमचा चिखल बघून नाकाला रुमाल लावील."

"तू पाहिलंयस त्याला?"

"लानपनी. शेंबडा व्हता."

तरुण खाडीकडे बघत राहिला. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं… मग तो अगदी तिच्याच बोलीत म्हणाला, "तवा रुमाल नव्हता. आता हाय, पन चिखलाला बघून नाय काढनार."

बायजाचा हात वल्ह्यावर थांबला. होडी जराशी वळली. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं — कोटाच्या वरचा तो चेहरा, गोपीनाथच्या आईचे, बाळकुमच्या रंगूबाईचेच डोळे.

"मंग कोट घालून कशाला फसवतंस मानसांना?" ती म्हणाली, आणि तोंड फिरवून जोरात वल्हवू लागली. तिचे कान मात्र लाल झाले होते.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा बंदरावर आला. त्याच्या पुढच्याही. नवरात्रापर्यंत रस्ता दुरुस्त झाला, बैलगाड्या सुरू झाल्या. पण प्रोफेसर खाडीनंच यायचे.

"रस्ता झाला ना?" बायजानं एकदा विचारलं.

"झाला."

"मंग?"

"गाडीवान गप्पा मारत नाय."

ती हसली नाही. पण त्या दिवशी होडी हळू चालली. तिवरांच्या कडेनं बगळे उडत होते, पाण्याला आणि ओल्या लाकडाला एकच वास येत होता.

"तू पोरांना शिकवतंस तरी काय?"

"जे ठाऊक नाय त्याला एक नाव द्यायचं, न ते शोधत जायचं."

"न नाय सापडलं तर?"

"पुन्ना पयल्यापासनं." तो तिच्या हाताकडे बघत होता. "एक हाय… लय दिवस सुटत नाय."

"मंग मास्तराला इचार."

"मास्तर मीच हाय गो."

आता मात्र ती हसली — मान खाली घालून, वल्ह्यावर कपाळ टेकवून.

दिवाळीनंतर ठाण्यातल्या मंडळींनी गोपीनाथचा सत्कार करायचं ठरवलं. पुढाकार भाऊसाहेब वकिलांचा होता. याच भाऊसाहेबांच्या ओसरीवर राहून गोपीनाथ इंग्रजी शाळा शिकला होता. त्यांचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता.

भाऊसाहेबांनी त्याला बसवून घेतलं. "गोपीनाथ, कानावर आलंय ते खरं का? कुणी होडीवाली आहे म्हणे. विधवा."

"खरं आहे. अजून मी तिला विचारलेलं नाही. विचारणार आहे."

"हे बघ, तुमच्यात चालतं, मला ठाऊक आहे. पण आता तू नुसता तुमच्यातला राहिला नाहीस. पुढे युनिव्हर्सिटीच्या परीक्षकांत तुझं नाव यायचंय. ही गोष्ट सत्काराआधी पसरली तर निम्मे लोक यायचे नाहीत."

गोपीनाथनं पागोटं उचलून डोक्यावर ठेवलं. मग शांतपणे म्हणाला, "तर खुर्च्या निम्म्याच मांडा, भाऊसाहेब."

हे बोलणं ठाण्याहून कोलशेतला पोचायला वेळ लागला नाही. शनिवारी तो बंदरावर आला तेव्हा बायजानं होडी काठाला लावलीच नाही.

"रस्त्यानं जा."

"का?"

"माज्यापायी तुजा मान कमी व्हायला नको."

"मान माजा हाय. कमी झाला तर मी बघीन."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मधे दोन हात पाणी होतं. "एक सांग गोपीनाथ. मी तुना हवी हाय… का त्या लोकांना दाखवायला हवी हाय?"

तो पाण्याच्या कडेपर्यंत आला आणि थांबला. तिनं होडी मागे लोटली. गणिताचे प्रोफेसर त्या दिवशी पायी बाळकुमला गेले, आणि वाटेत स्वतःलाच तो प्रश्न विचारत राहिले.

सत्काराच्या दिवशी गावच्या बैलगाड्या पुरुषांनीच भरून गेल्या. रंगूबाई आणि आळीतल्या बायका काठावर उभ्या राहिल्या. तिथं एकच होडी होती, बायजाची. रंगूबाईनं, पाटाची रीत असूनही, प्रोफेसर मुलासाठी विधवा सून घरात घेणार नाही असं चारचौघींत सांगितलं होतं, तरी ती चढली. मुलाचा मान बघायचा होता.

खाडीत वारा उठला. होडी कलली तशी रंगूबाईनं बायजाचा दंड घट्ट धरला. बायजानं एका हातानं म्हातारीला सावरलं, दुसऱ्यानं होडी. पाणी निवळलं तरी रंगूबाईनं दंड सोडला नाही. तसंच धरून तिनं विचारलं, "माज्या पोराचं तू काय केलंस गो?"

"पार केलं," बायजा म्हणाली. "दर शनवारी."

मागच्या बायका खुदखुदल्या. रंगूबाईनं पदर तोंडावर ओढला, पण तिचे खांदे हलताना बायजाला दिसले.

मांडवात भाऊसाहेबांनी खुर्च्या पूर्ण मांडल्या होत्या, आणि खरोखरच निम्म्या रिकाम्या होत्या. बायका दोरीच्या बाहेर उभ्या राहिल्या. हार झाले, पदकाचं वर्णन झालं, भाषणं झाली. गोपीनाथ उत्तराला उठला. समोर बघितलं, आणि काही न बोलता खाली उतरून थेट दोरीपाशी गेला. आईचा हात धरून तिला आत आणलं. मागोमाग बाकीच्यांना.

मांडवात कुजबूज झाली. भाऊसाहेब क्षणभर तसेच बसले. मग उठले, आणि आपली पुढची खुर्ची त्यांनी रंगूबाईला दिली.

"आये, होडी कोनाची?" गोपीनाथनं हळूच विचारलं.

"तिचीच. ती वर नाय आयली."

सभा संपली तशी गळ्यातला हार भाऊसाहेबांच्या हाती ठेवून तो बंदराकडे निघाला. बायजा होडीतलं पाणी उपसत होती. मागून बायका आल्या आणि होडीत दाटीवाटीनं बसल्या. आता एकांत कुठला… तो तसाच गुडघाभर पाण्यात उतरला.

"तू इचारलंस त्याचं उत्तर आणलंय," तो म्हणाला. "मांडवात सगली मानसं व्हती. मना दाखवायचं असतं तर तुना हाताला धरून नेली असती. पन मी वर उभा व्हतो न डोले तुनाच शोधत व्हते… न तू आली नायस, तर बरं वाटलं. मना तुज्याशी बोलायचं व्हतं, त्यांच्याशी नाय. माज्याशी पाट लावशील?"

बायजाचे हात थांबले. "मुंबयला मी नाय येनार. होडी नाय सोडनार."

"नको सोडू. ठान्याहून सकालची आगगाडी हाय. मी घरनं जाईन, घरी येईन."

"लोक हसतील प्रोफेसराला."

"हसू दे. पोरं रोज हसतात."

पाणी तिच्या बोटांवरून थेंब थेंब गळत होतं. होडीच्या टोकावरून, मागे न वळता, रंगूबाई म्हणाली, "ओहोटी लागली गो. काय सांगायचं ते सांग त्याला, नायतर सगल्या चिखलात रुतू."

बायजानं वल्हं उचललं, पाण्यात उभ्या गोपीनाथला सरकून जागा करून दिली आणि पुढे बघत म्हणाली, "सासूबाय, नीट धरून बसा. होडी सुटतंय."