नसलेली पानं

संजना स्वतःच हसत सांगायची, की तिच्याइतकी बावळट वाचक अख्ख्या नाशकात सापडायची नाही. पुस्तक उघडलं की डोळे मिटलेच! हौस मात्र दांडगी. द्वारका चौकाजवळच्या वाचनालयातून जाडजूड कादंबरी आणायची, पहिल्या प्रकरणातच पेंगायची आणि परत करताना तिथल्या ग्रंथपाल रंगनाथकाकांना म्हणायची, "छान होती हं."

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात चांदवडहून सासूबाई राहायला आल्या. भागीबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, अक्षरओळख कधी झालेलीच नाही, पण गोष्टीचं वेड भारी. मग दुपारची जेवणं उरकली की गॅलरीतल्या उन्हात संजना मोठ्यांदा वाचायला बसायची. विहिरीवर गेलेली मुलगी परत येत नाही आणि तिची थोरली बहीण तिला शोधत फिरते, अशी ती कादंबरी.

वाचता वाचता अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलू लागायची. जाग यायची तेव्हा ऊन कठड्यावरून खाली उतरलेलं असायचं. घसा तासभर बोलल्यासारखा कोरडा. आणि नाकाशी शेवाळाचा ओला वास.

"आई, डोळा लागला हो माझा. कुठवर आलो आपण?"

"बहीण विहिरीत वाकली, तिथवर. आतून धाकटी म्हन्ली, आक्का, दोर सोड."

"एवढं मी वाचलं?"

"मग काय मी? मला वाचता येतं व्हय?"

संजनानं पानं मागंपुढं केली. वाकलेली बहीण कुठंच नव्हती. ती जिथं असायला हवी, तिथून शेवटापर्यंत शिवणीशी फाडलेल्या पानांच्या नुसत्या कडा...

संध्याकाळी तिनं वाचनालय गाठलं. तिथं दुसरी प्रत होती, ती उभ्या उभ्याच चाळली. बहीण वाकली होती. आतून हाकही आली होती, शब्दन्‌शब्द तशीच. शेवटची पानं मात्र याही प्रतीत फाडलेली.

बहीण दोर सोडते का? जन्मात पहिल्यांदा संजनाला पुस्तकाचा शेवट हवा होता, अगदी भूक लागावी तसा. आणि तोही सासूबाईंच्या तोंडून ऐकलेला नव्हे, तर जागेपणी, स्वतःच्या कानांनी.

पुढच्या दुपारी तिनं कडक चहा ढोसला, वर हिरवी मिरची चावली. डोळ्यांतून पाणी गळत असतानाच, होतं तेवढं शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढलं. मग थांबली.

खाली कुणीतरी गोधडी झटकत होतं. तोही आवाज थांबला. ऊन दुधासारखं दाटलं, आणि शेवाळाचा तो वास हळूहळू वर चढू लागला. भागीबाई कान देऊन बसल्या होत्या. पण त्यांचं तोंड संजनाकडे नव्हतं... तिच्या जरासं शेजारी होतं.

"आई..." संजना पुटपुटली, "इथं आणखी कुणी बसलंय का?"

भागीबाईंनी शाल गुडघ्यांवर ओढून घेतली.

"तू नीज बरं आता. पुढली पानं तुझ्यापाशी हायेत कुठं?"