कात्री लागेपर्यंत

"लाँड्री शेजारी आहे," मान वर न करताच ती म्हणाली. गाठोडं घेऊन दुकानात शिरणारी निम्मी माणसं दार चुकलेली असत.

"धुवायचं नाहीये..." तो दारातच घुटमळला. "कापायचं आहे."

तेव्हा मात्र तिने वर पाहिलं, आणि जरा जास्तच वेळ पाहिलं. कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या मामाच्याही ते लक्षात आलं. जरीकामाचं दुकान मामाचं होतं, आणि आईवडिलांमागे तिला वाढवलं होतं तेही त्यानेच.

गाठोड्यातून निघाला गर्द जांभळा मखमली झगा, छातीवर रुपेरी वेलबुट्टी असलेला. त्याच्या आईच्या लग्नातला. तो ज्यू होता. त्यांच्या प्रार्थनामंदिरात धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या एका कपाटात उभ्या ठेवतात आणि त्या कपाटापुढे पडदा असतो. लग्नाच्या कपड्यातून असा पडदा करायची त्यांच्यात जुनी रीत आहे, हे त्याने अडखळत सांगितलं. जाताना आई सांगून गेली होती की झगा सुनेला द्या, नाहीतर त्याचा पडदा करा.

"मग सुनेची वाट नाही बघायची?" तिने विचारलं.

"बाबांची नजर जात चालली आहे. दिसतंय तोवर पडदा बघायचाय त्यांना."

"आणि मागाहून सून आली तर? उसवून परत झगा करून देऊ?"

तो हसला. "एकदा तिथे टांगला की तो परत कुणाच्या अंगावर येत नाही. विटला, फाटला तरी नाही. पण कात्री लागेपर्यंत झगाच आहे तो." आणि पायऱ्या उतरताना म्हणाला, "घाई नाही."

पुढे तो येतच राहिला. काम कुठवर आलं हे विचारायला यायचा आणि न विचारताच जायचा. निघताना मात्र "घाई नाही" ठरलेलं. मामाने त्याचं नावच 'घाईनाही' ठेवलं. "तुझा घाईनाही आला बघ," म्हणून मामा चहाचं निमित्त काढून बाहेर सटकायचा. तीही काही कमी नव्हती. पडद्यावर लावायचे दोन सिंह तिने वेगळ्या कापडावर भरायला घेतले, मग मुकुट, मग झालर. झग्याला तेवढा तिने हात लावला नाही. मनात कुठेतरी तिचं ठरलं होतं की कात्री लागायची वेळच येऊ द्यायची नाही.

"हा सिंह जरा घाबरट दिसतोय," एकदा तो खाली वाकून म्हणाला.

"तुमच्याकडे बघून काढलाय."

"मग बरोबर आहे..." तो सरळ झाला, पण तिच्या बोटांवर टेकलेलं त्याचं बोट तिथेच राहिलं. दोघांपैकी कुणीच हात काढून घेतला नाही. त्या दिवसापासून 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि वेडी पोर मनातल्या मनात संसार मांडून बसली.

मग एका भुरभुर पावसाच्या दुपारी तो आला तो बसलाच नाही.

"काल बाबांना सांगितलं. तुझ्याबद्दल."

तिची सुई थांबली.

"चिडले असते तर भांडलो असतो गं. तयारीनेच गेलो होतो. त्यांनी फक्त विचारलं, पडदा कधी होणार."

म्हातारा कधी हो म्हणणार नव्हता, आणि हा त्याला टाकून येणार नव्हता. आंधळ्या होत चाललेल्या बापाला सोडून आलेला माणूस तिला तरी कुठे आवडला असता? ती उठली. झगा टेबलावर पालथा घातला, कारण मखमल उलट्या बाजूनेच कापतात.

"एकदा घालून बघशील?" तो म्हणाला. "फक्त एकदा... माझ्यासाठी."

"घातला तर माझ्याच्याने कापवणार नाही. तू ते टोक धर. ताणून धर, सरकते ही."

त्याने धरलं. तिने घेरापासून कात्री चालवली. कात्री कमरेपर्यंत पोचेस्तोवर तिला वाटत होतं, हा आता आपला हात धरेल, थांब म्हणेल. त्याचे डोळे वाहत होते, पण तो टोक धरूनच उभा राहिला. त्याच्याकडे तिने पुन्हा पाहिलं नाही.

"पडदा मामा पोचवेल," ती म्हणाली. "तू येऊ नकोस."

तो गेला. पडद्याचे तुकडे तिने एकावर एक रचले. बाह्या तेवढ्या उरल्या. पडद्यात बाह्यांचं काय काम? त्यातली एक तिने उचलली आणि दाराकडे पाठ करून हळूच हातात चढवली. खांद्यापासून मनगटापर्यंत ती इतकी नेमकी बसली, की जणू माप तिचंच घेतलं होतं. मखमलीवर पाण्याचा डाग राहतो, म्हणून तो हात लांब धरून ती रडत बसली.