टाकीतून आलेली ओ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे हसू येणार नाही.

आकिब माझा सख्खा आतेभाऊ. थापा मारणं त्याच्या रक्तात नाही. त्याने शपथेवर सांगितलं तेच सांगतोय.

गेल्या वर्षीचा मार्च. शुक्रवार. नमाज पढून, डबा खाऊन तो कामावर परतला तेव्हा अडीच वाजले होते. बाहेर रणरणतं ऊन.

पेणहून डोलवीकडे जाताना एक शेड लागते. तिथे मोठाले ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीला येतात. आकिब रोह्याहून रोज ये-जा करतो. अंगाने काडी, म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या तेलाच्या टाकीत उतरायचं काम नेहमी त्याच्याच गळ्यात. तेल काढलं की खांदे जेमतेम मावतील अशा तोंडातून आत सरपटायचं. कमरेला दोर, सोबत ताज्या हवेची नळी.

त्या दिवशीचा ट्रान्सफॉर्मर ओळखीचा होता.

याच टाकीत सहा वर्षांपूर्वी प्रविणदादा गेला. आकिबला काम शिकवणारा प्रविणदादा. आत ओल धरू नये म्हणून नायट्रोजन भरलेला. तो काढायचा राहिला, दादा उतरला आणि आतच गुदमरला. बाहेरच्यांनी अर्धा तास त्याला एक हाकसुद्धा मारली नाही.

तेव्हापासून नियम झाला. बाहेरच्याने दर दोन मिनिटांनी नाव घेऊन हाक मारायची. आतल्याने ओ द्यायची. ओ आली नाही की दोर ओढायचा.

त्या दिवशी हाका मारायला बाहेर सोबतचा हितेश होता.

आकिब सरपटत मागच्या बाजूला गेला. मधे लोखंडी पत्र्यांचा गाभा, त्याभोवती तांब्याच्या दोन गुंडाळ्या. प्रविणदादा म्हणायचा, "ह्या सख्ख्या जावा रे. एकमेकींना शिवत नाय. पण एकीत करंट उलटसुलट खेळला की दुसरीत उठतोच. वेढे कमी-जास्त, तसं व्होल्टेज कमी-जास्त. आत घातलेलं हाय तसं बाहेर येत नाय."

नट आवळून आकिब वळला...

आणि पाय अडकला. गुंडाळी आणि टाकीच्या पत्र्यामधे, घोट्यापर्यंत.

तेवढ्यात नळीची सूं सूं थांबली. कुठेतरी दबली असावी. हात पोचेना.

"आकिबभाई!" हितेशची हाक आली.

"ओढ! पाय अडकलाय, हवा बंद झालीय!"

"बरं बरं. सावकाश आवर."

आकिबने कचकचीत शिवी हासडली. म्हटलं, ही काय मस्करीची वेळ?

पुन्हा हाक. पुन्हा तो बोंबलला. पुन्हा तेच, "बरं बरं."

आता दम कोंडायला लागला होता. डोळ्यांपुढे दोन वर्षांची जिकरा आली. पोरीने सकाळी चप्पल लपवून ठेवली होती, जाऊ देत नव्हती.

"आकिबभाई!"

या वेळी आकिबने तोंडच उघडलं नाही. नुसता ऐकत राहिला.

गुंडाळीच्या पलीकडून आवाज आला...

"ठीक हाय."

त्याच्याच आवाजात.

मग गुणगुण सुरू झाली. चालू ट्रान्सफॉर्मरची असते ना, तीच. ह्म्म्म... वायर एकही जोडलेली नव्हती. पाठीखालचा पत्रा थरथरत होता.

आकिब घाबरून रडायला लागला. रडता रडता मनात आलं, सहा वर्षांपूर्वी ह्याला कुणीच हाक मारली नव्हती.

होता नव्हता तेवढा श्वास गोळा करून तो ओरडला, "प्रविणदादा!"

गुणगुण थांबली.

"आकिबभाई!" बाहेरून हाक आली.

कुणीच ओ दिली नाही.

"आकिबभाई? ए आकिब!"

काहीच नाही...

मग दोराला असा हिसका बसला की घोट्याची सालं निघाली, पण पाय सुटला.

बाहेर काढल्यावर हितेश घामाने थबथबला होता. "मेल्या, तीन वेळा ठीक हाय म्हणालास आणि चौथ्याला मुका झालास?"

आठवडाभर आकिबने विषयच काढला नाही.

मग एकदा पेणच्या स्टँडवर चहा पिताना हितेशनेच काढला.

"त्या दिवशी तुला काढल्यावर टाकीचं झाकण मीच बसवलं. सवयीनं तुझं नाव घेतलं रे. तू तर समोर बाकावर पाय धुवत व्हतास."

"मग?"

"आतून ओ आली. तुझीच."

त्या टाकीत तेल भरलं, ट्रान्सफॉर्मर गेला. कुठल्या गावात बसवला ते आकिबने विचारलेलं नाही.

हल्ली घरात त्याची बायको हुमेरा हाक मारते तेव्हा तो लगेच ओ देत नाही. आधी थोडा थांबतो, दुसरं कुणी देतंय का ते ऐकतो.