सात नंबरचा सेट

खोटं सांगून मला काय मिळणार आहे? भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून भांडी घासायला जाणारी बाई. तरी हे सांगतेय, कारण हे माझ्याच कानांनी ऐकलंय.

हिवाळ्यातली तिन्हीसांज होती. ऑफिसात ट्यूबलाइट लागलेली, बाहेर आवारात दाट धुकं.

रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या ओढून आणणाऱ्या कंपनीत मी कंट्रोलला बसते. आमच्या प्रत्येक गाडीत वायरलेस सेट असतो. घाटात मोबाइलला रेंज नसते, तिथे तोच काय तो आधार.

आणि नेमके तेच सेट चोरीला जायचे.

म्हणून कंपनीने प्रत्येक सेटला कुलपाचा लोखंडी पिंजरा बसवला, किल्ली ड्रायव्हरकडे. शिवाय ड्यूटी संपली की ड्रायव्हरने माइक काढून माझ्या टेबलामागच्या खिळ्यावर टांगायचा. माइकशिवाय सेट म्हणजे नुसता डबा, चोर कशाला नेईल?

पण चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. त्याच आठवड्यात तीन नंबरचा पिंजरा कापून कुणीतरी सेट नेला. मॅनेजरने सगळ्यांना उभं करून सांगितलं, ज्याचा सेट जाईल तो सेटच्या मागोमाग घरी जाईल.

माझा धाकटा भाऊ सात नंबर चालवतो. नोकरीला लागून त्याला वर्षही झालं नव्हतं. त्याने हे फारच मनावर घेतलं, हे मला नंतर कळलं.

त्या दिवशी दुपारी घाटात एक ट्रक बंद पडल्याचा निरोप आला. भावाने खिळ्यावरून माइक घेतला, मला वेडावून दाखवलं आणि निघाला.

चार वाजता मी हाक दिली.

"कंट्रोल टू सात."

उत्तर नाही.

साडेचारला दिली. नाही. पाचला ट्रकवाल्याने एका हॉटेलातून फोन केला, तुमची गाडी अजून आलीच नाही म्हणाला.

घाट चढून जायला तास पुरतो. भाऊ निघून अडीच तास झाले होते.

मी हाका देत राहिले. समोर आमचे हिशेबनीस बसले होते, तेही पेन ठेवून माझ्याकडे बघायला लागले. नुसती खरखर येत होती.

आणि मग... खरखर थांबली.

एकदम. कुणीतरी माइकचं बटण दाबून धरलं की होतं तसं.



मग खोकला ऐकू आला. म्हाताऱ्या माणसाचा, छातीतून येणारा.

"सात नंबर बोलतोय. बोगदा सोडला की तिसरं वळण. कठडा तुटलाय बघा. गाडी खाली झाडाला अडकलीय. पोरगं आत आहे, पाय दबलाय, पण शुद्धीवर आहे."

मी लिहून घेत होते. वाटलं, कुणी वाटसरू गाडीपर्यंत उतरला असेल आणि आमचाच सेट वापरत असेल. देवासारखा धावून आला, असंच मनात आलं.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

पुन्हा खोकला...

"लवकर करा, कंट्रोलबाई. झाड फार वेळ धरणार नाही."

माझ्या हातातलं पेन गळून पडलं.

सगळे ड्रायव्हर मला ताई म्हणतात. कंट्रोलबाई म्हणणारा एकच होता. तात्या. भावाच्या आधी सात नंबर चालवायचा तो.

दोन वर्षांपूर्वी आवारातून त्याचा सेट चोरीला गेला होता. एक दिवस सेट नसला तर काय बिघडतंय, असं म्हणत तो तसाच घाटात गेला. तिथे गाडीतच छातीत कळ आली. हाक मारायला काही नव्हतं. इकडे सगळ्यांना वाटलं, परस्पर घरी गेला असेल. सकाळी सापडला, स्टिअरिंगवर डोकं टेकलेला.

हिशेबनिसांनीही आवाज ओळखला होता. त्यांचा चेहराच सांगत होता. त्यांनी गुपचूप डब्याची पिशवी उचलली आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, मी काही ऐकलं नाही.

पण तेव्हा मला घाबरायलाही वेळ नव्हता. अकरा नंबरला क्रेन घेऊन पिटाळलं. बरोबर आमचे उस्ताद मेकॅनिक गेले. मी देवाचं नाव घेत बसले.

सातच्या सुमाराला अकरा नंबरवरून उस्तादांचा आवाज आला. भाऊ सापडला होता. तिसऱ्या वळणाखाली, झाडाला अडकलेल्या गाडीत. पाय मोडला होता, बाकी धडधाकट. ते त्याला घेऊन परस्पर दवाखान्यात निघाले होते. मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

उस्ताद मात्र माइक सोडेनात.

"ताई, तुम्हाला निरोप कुणी दिला?"

"सात नंबरच्या सेटवरून आला."



"ताई, गाडीत सेटच नाहीये. पिंजरा रिकामा आहे. कुलूप जसंच्या तसं लावलेलं. माइक आहे, पण तो नुसताच आरशाला टांगलाय."

त्यांनी निघतो म्हणून सांगितलं आणि सेट गप्प झाला.

मी एकटीच बसले होते. बाहेर आता आवारसुद्धा दिसत नव्हतं.

तेवढ्यात खरखर पुन्हा थांबली...

"पोरगं मिळालं ना?"

मी हो म्हणाले. म्हणजे मला वाटतं, मी म्हणाले.

"बरं झालं. फार गारठलं होतं." मग तो खोकला. "आता मला न्यायला कुणाला पाठवताय, कंट्रोलबाई?"

इतकी वर्षं या खुर्चीवर काढली की काही शब्द तोंडातून आपोआप निघतात. कुणीही मदत मागितली की आधी एकच सांगायचं, म्हणजे घाटात अडकलेल्या माणसाला धीर येतो. माझ्या तोंडून तेच गेलं.

"पाठवते."

"वाट बघतो," तो म्हणाला.

मी सेटची पिनच उपटली.

दवाखान्यात भावाने सगळं कबूल केलं. तीन नंबरची चोरी झाल्यापासून तो रोज संध्याकाळी सेट पिंजऱ्यातून सोडवून, रिकाम्या पिंजऱ्याला कुलूप लावून, पिशवीतून घरी आणत होता. कपाटात रजयांखाली लपवायचा आणि सकाळी परत बसवायचा. त्या दिवशी सकाळी विसरला. मॅनेजरला कळू नये म्हणून माइक तेवढा घेऊन गेला. चोरापासून सेट जपला आणि जीव मात्र वाऱ्यावर सोडला. त्याला चार शिव्या द्यायच्या होत्या, पण तोच मला विचारायला लागला. गाडीत शेजारी बसून सारखे खोकणारे आजोबा कुठे गेले?

मी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

रात्री घरी आले तर आई पुढच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून बसलेली. भाऊ सुखरूप असल्याचं तिला फोनवर कळलं होतं. तरी तिचे हात गार पडले होते.

मी कपाट उघडलं. रजया बाजूला केल्या. सेट तिथेच होता. त्याला ना बॅटरी, ना वायर.

हात लावला... कोमट होता.

आई माझ्या मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, संध्याकाळपासून कपाटात कुणीतरी खोकत होतं. आधी वाटलं शेजारी असतील. मग कपाटातून तुझाच आवाज आला.

"मी काय म्हणत होते?"

"पाठवते म्हणालीस." आई माझ्याकडे बघत राहिली. "कुणाला पाठवणार आहेस गं?"

मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. भावाला गाडी बदलून द्या म्हणून मॅनेजरच्या हातापाया पडले, तर ते हसले.

सोमवारी भावाचं प्लास्टर निघतंय. सात नंबर दुरुस्त होऊन आवारात उभी आहे, त्याचीच वाट बघत. रोज संध्याकाळी मी खुर्चीवर बसले की खरखर एकदाच थांबते. पलीकडून कुणी बोलत नाही. कुणीतरी नुसतं बटण दाबून धरतं.