सातेरीची सहावी ओळ

ही गोष्ट २००४ सालच्या ऑगस्टातली. आचऱ्याजवळच्या एका मच्छीमार सोसायटीत रूपाली कॉम्प्युटरवर बसायची. मासेमारी नुकतीच सुरू झाली होती आणि होड्यांची यादी नावांप्रमाणे लावून हवी होती. वर होडीचं नाव, खाली तिचे खलाशी. पण सरळ सॉर्ट केलं की खलाशी आपली होडी सोडून भलतीकडे जायचे. म्हणून तिनं दोन दिवस खपून मॅक्रो, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिला. प्रत्येक होडी तिच्या माणसांसकट उचलायची आणि योग्य जागी ठेवायची.

दुपारी तिनं बटण दाबलं. ओळी सरकल्या, थांबल्या. सगळं जागच्या जागी. फक्त शेवटच्या ‘सातेरी’खाली सहा नावं होती.

सातेरी दोन वर्षांपूर्वी पाच जणांसकट बुडाली होती. एकही प्रेत मिळालं नाही, म्हणून सोसायटीनं त्यांची नावं काढली नव्हती. सहावं नाव होतं धोंडूचं, रूपालीच्या सख्ख्या भावाचं. तो तर ‘जलदेवी’ या दुसऱ्या होडीवर होता.

तिनं मॅक्रो ओळन् ओळ तपासला. मूळ यादीत धोंडू जलदेवीखालीच होता. तिनं पुन्हा बटण दाबलं... पुन्हा सातेरी. बंद खोलीत कुठूनसा ओल्या जाळ्याचा वास येऊ लागला.

“गुरुदासभाऊ, हय येवा जरा...”

सोसायटीचे म्हातारे सेक्रेटरी चष्मा सावरत पडद्यावर वाकले.

“माझीच चूक आसा ना?” तिनं विचारलं.

“बंद कर ता,” ते हळू आवाजात म्हणाले. “आणि धोंडूक फाल्या दर्यात सोडू नको.”

घरी धोंडू हसला. “कॉम्प्युटरान सांगल्यान म्हणान घरात बसू?”

“हसू नको रे. माझी शपथ आसा तुका.”

तिचा चेहरा बघून त्यानं हातातलं जाळं खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो गेला नाही.

त्या दिवशी दुपारी वारा फिरला. दर्या काळा पडला. इतर होड्या परतल्या, जलदेवीचा पत्ता नव्हता. चार वाजता ती दिसली, तशी रूपाली किनाऱ्याकडे धावत सुटली. धोंडू मागून येत होता.

जलदेवीचा तांडेल भिकाजी गुडघाभर पाण्यात उतरला. त्याचे ओठ निळे पडले होते.

“वाचलो गो, रूपाली. तुझ्या भावान सुकाणू धरल्यान म्हणान वाचलो.”

“माझ्या भावान?”

“धोंडून. फाटे काळोखातच येवन बसलो तो. दिवसभर एक शब्द बोललो नाय...”

तेवढ्यात कोरड्या सदऱ्यातला धोंडू रूपालीशेजारी येऊन उभा राहिला. भिकाजीनं त्याच्याकडे बघितलं. मग तो सावकाश होडीकडे वळला. किनाऱ्यावरचे सगळेच वळले.

होडीच्या मागच्या टोकाला एक जण पाठमोरा बसून, निथळत्या हातांनी दोर गुंडाळत होता.