हलू नका

लायटरमध्ये भरायच्या पेट्रोलची डबी आणायला गजेंद्र गोडादऱ्याच्या नाक्यावर गेला, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि सगळं रोजच्यासारखंच होतं. फक्त यंत्रमाग बंद होते. कारखान्यांच्या सुट्टीचा वार. आठवड्याचे सहा दिवस या वस्तीत माणसं एकमेकांशी ओरडून बोलतात. सातव्या दिवशी खडखडाट थांबला की कानात नुसती पोकळी वाजत राहते, आणि मग घराघरातलं सगळं ऐकू येतं. कोण कोणाला मारतंय, तेसुद्धा.

पेट्रोल कॅमेऱ्यासाठी हवं होतं. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडल्यापासून घरातल्या मोठ्यांच्या मते गजेंद्र वाया गेला होता. मोठ्यांबद्दल गजेंद्रचं मत याहून वाईट होतं. आजोबांच्या, म्हणजे धुडकू म्हाताऱ्याच्या पत्र्याच्या पेटीत महिन्यापूर्वी त्याला हा भात्याचा कॅमेरा सापडला. खटका दाबला की झाकण खाली पडायचं आणि आतून काळा भाता भिंग घेऊन पुढे सरकायचा. न्हाणीत अंधार करून त्याने भात्यात मोबाइलची बॅटरी धरली, तर घड्यांच्या कोपऱ्यांत टाचणीएवढी भोकं चमकली. डिंकात काळा रंग कालवून त्याने ती एकेक बुजवली. मुंबईहून रिळं मागवली. राहिलं होतं शटर. वंगण सुकून पाती चिकटली होती. एका सेकंदावर लावलं की ते उघडायचं आणि उघडंच राहायचं.

धुडकूचा उधन्याला स्टुडिओ होता. लग्नं-बारशी नावाला, खरं काम शेवटच्या फोटोचं. खानदेशातून आलेला माणूस इथे मेला की गावाकडचे पोचायच्या आत जाळावा लागे. मग मढ्याला आंघोळ घालून खुर्चीत बसवायचं, भोवती घरचे बसवायचे, एक फोटो काढायचा आणि गावी धाडायचा. बघा, तुमचं माणूस नीट गेलं. अंगावर ओरखडा नाही. खोल्यांत उजेड कमी, म्हणून फोटो एका सेकंदाचा. तेवढ्यात जिवंत माणूस थोडा तरी हलतोच, कडा पुसट येतात. मढं मात्र काचेसारखं स्पष्ट येतं. "सगळ्यात गुणी गिऱ्हाईक," म्हातारा हसून सांगायचा, "श्वास बी घेत नाही."

गजेंद्र परत आला तेव्हा त्याची बहीण जयश्री टेबलापाशी बसून होती. आठ दिवसांपूर्वी ती सासरहून पळून आली होती, बमरोलीहून, एका चपलेनिशी. तिचा नवरा योगेश याने मागाचा धोटा तिच्या गळ्याखालच्या हाडावर हाणला होता. धोटा म्हणजे वीतभर लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी बोंडं. हाड मोडलं होतं. डोक्यावर मुठीएवढ्या जागेत केस नव्हते. येताना तो धोटा ती पिशवीत घालून घेऊन आली होती. तो आता टेबलावर पडला होता.

"बॅटरी धर ताई. हलवू नको."

"आता माझं काहीच हलत नाही," ती म्हणाली. मग पेट्रोलमध्ये सुटणारं काळं वंगण बघत हळूच म्हणाली, "गजू, आमच्या आजेसासूचा फोटो आहे ना भिंतीवर, वत्सलाबाईंचा... तो आबांनीच काढलेला. रोज पुसायचे मी. त्यात त्यांना उजवा हातच नाही. पदर आहे, कोपर आहे, पुढे नुसतं पांढरं."

"पदराखाली असेल."

"योगेशही तेच म्हणाला. दुसऱ्यांदा विचारलं तर त्याने माझा हात इस्त्रीखाली धरला."

गजेंद्रने शटर एका सेकंदावर लावून दाबलं. कर्रर्र, खट्. पुन्हा दाबलं. वीसदा दाबलं. वीसही वेळा बरोबर एक सेकंद.

दुपारी बाबुराव आला, योगेशला घेऊन. त्याचा आजोबा, वत्सलाबाईंचा नवरा, समाजाचा पंच, बमरोलीच्या शेडचा मालक. जयश्रीचा बाप हेमराज त्याच शेडमध्ये पंचवीस वर्षं माग चालवत होता, त्यामुळे तो उभाच राहिला. आई मंगलाबाईने न विचारता बट्ट्या तुपात सोडल्या. लेकीचं हाड मोडणाऱ्याला वरण-बट्टी! आणि धुडकू खाटेच्या कडेवर जमिनीकडे बघत बसला. समाजातली अक्कल म्हणतात ती हीच.

"पोरगी हट्टी आहे," बाबुराव म्हणाला. "पण आमची आहे. आज घेऊन जातो. काय हेमराज?"

"तुम्ही सांगाल तसं, तात्या."

"ती नाही येणार," गजेंद्र म्हणाला.

"तने कोणे पूछ्युं?" योगेशने दात कोरत गुजरातीत विचारलं. "कॉलेज सोडलेलं कुत्रं."

"मी कॉलेज सोडलं, दाजी. बायकोचे केस उपटायला नाही शिकलो."

हेमराजने पुढे होऊन मुलाच्या थोबाडीत मारली. जावयाच्या नाही, मुलाच्या. त्या शांततेत आवाज फार मोठा झाला.

बाबुरावला मजा वाटली. तेवढ्यात त्याची नजर टेबलावर गेली आणि तो उठून उभाच राहिला. "धुडकू, हा तोच ना रे? चालतो? मग सगळे बसा. फोटो होऊन जाऊ दे. पोरगी राजीखुशीनं, धडधाकट गेली, पुरावा राहतो. उद्या कोणी काही बोलायला नको."

धुडकूची मान झटक्यात वर आली. "त्यानी नको. मोबाइलवर काढ रे. त्यानी नको..."

"त्यानीच," बाबुराव म्हणाला.

गजेंद्रने कॅमेरा तिकाटण्यावर बसवला. रीळ फिरवून मागच्या लाल काचेत एकचा आकडा आणला. खोली अर्धी अंधारी होती. एक सेकंद लागणारच. कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीतून त्याने पाहिलं : खुर्चीत बाबुराव, शेजारी जयश्री, तिच्या डाव्या अंगाला योगेश, मागे आईबाप, कडेला म्हातारा.

"हलू नका."

कर्रर्र...

थांबलंच नाही. सेकंद गेला, दुसरा गेला. चाकं फिरतच राहिली, जुन्या मागासारखी, हळू, ओलसर आवाज करत. खोलीत कसला तरी जळका वास सुटला. तुपाचा नव्हता. बाबुराव खोकला, योगेशने शिवी देऊन पाय बदलला, मंगलाबाईने डोळे पुसले. फक्त जयश्री ताठ होती, डोळे फाडून. नऊ... दहा... अकरा.

खट्.

माणसं जेवायला बसली. जयश्री न्हाणीच्या दारापर्यंत गजेंद्रच्या मागे आली. "माझा उजवा हात... कोणी धरला होता?"

"योगेशने?"

"योगेश डावीकडे होता. तात्यांचे दोन्ही हात काठीवर होते."

त्याने दार लावून अंधारात रीळ डब्यात भरलं, औषधात फिरवलं, धुतलं. बाहेर ताटं वाजत होती. पंचवीस मिनिटांनी ओली पट्टी त्याने दिव्यासमोर धरली आणि मोबाइलवर काळ्याचं पांढरं करून पाहिली. अकरा सेकंदांत सगळ्यांची तोंडं चोळामोळा झाली होती. बाबुरावला दोन जबडे आले होते. जयश्री मात्र स्पष्ट होती. लख्ख. पापणीचा केस न् केस.

जशी मढी यायची तशी.

आणि तिच्या मनगटावर एक हात होता. कोणाचाच नसलेला. पंख्यासारखा पसरलेला, हलून हलून पुसट झालेला.

तो बाहेर आला आणि मोबाइल त्याने धुडकूच्या नाकासमोर धरला. म्हाताऱ्याने जयश्रीकडे पाहिलंच नाही. तो हाताकडे बघत होता. खालचा ओठ लोंबला.

"तोच..." तो म्हणाला. "तोच हात. तिना... वत्सलाना."

"बोल आबा."

"गप्प बस धुडकू," बाबुराव म्हणाला. घास हातातच होता.

पण बेचाळीस वर्षं तुंबलेलं होतं ते. "यानी तिले मारं व्हतं, धोट्यानी. माहेरचा लोकेस्ले दाखाडाले फोटो पाहिजे व्हता. खुर्चीत बसाडी. मी सांगं, हालू नका. सगळा गप्प. आन् ती हालनी. हात उचला तिनी... मन्हाकडे." त्याने स्वतःचा उजवा हात वर केला. "मी देखं. मी देखं रे. यानी विचारं, फोटो आला का? मी सांगं... आला."

म्हाताऱ्याने हात खाली टाकला.

"मग नेली. जाळी टाकी. संध्याकाळले फोटो धुया, त्यात बाकी सगळं नीट, तिना हात तेवढा पुसट. मी तो ब्लेडनी खरवडी टाका."

"आणि हे माहीत असताना," गजेंद्रने विचारलं, "ताईला तू त्याच घरात दिलंस?"

म्हातारा रडायला लागला. ते सगळ्यांनाच छान जमतं.

"उठाव साली को," बाबुराव नातवाला म्हणाला. योगेशने जयश्रीचे उरलेले केस मुठीत धरून तिला ओढलं. ती टेबलावर आदळली आणि मोडलं हाड पुन्हा वाजलं. गजेंद्रच्या हाताला धोटा लागला. पहिल्या फटक्याला योगेशची भुवई उलली, दुसऱ्याला दोन दात ताटात पडले. वरणात. तिसरा जयश्रीने मारला, धोटा हिसकून घेऊन, त्याच्या गळ्याखालच्या हाडावर, नेमक्या त्याच जागी. बाबुरावने काठी उगारली. ती तिच्या डोक्यावर येणार, तोच त्याचा हात हवेत थांबला, कोणी मनगट धरावं तसा. तोंड उघडलं, आवाज आला नाही. तो मागे खुर्चीत बसला आणि तसाच राहिला. डोळे उघडे.

डॉक्टर आला, छातीला नळी लावली, मान हलवली, दाखला लिहिला. वय झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बमरोलीहून निरोप आला. आनंदा, वत्सलाबाईंचे धाकटे भाऊ, म्हणजे बाबुरावचे मेहुणे, अमळनेरात अंथरुणाला खिळून होते, येऊ शकत नव्हते. पंचांचा शेवटचा फोटो गावी जायलाच हवा, समाजाची रीत आहे. आणि धुडकूच्याच कॅमेऱ्याने. हेमराज म्हणाला, "जा. नाही म्हटलं तर बरं दिसत नाही." गजेंद्र गेला. दुसरं रीळ घालून.

बाबुरावला खुर्चीत बसवलं होतं, वत्सलाच्या फोटोखाली. बाजूला टाके घातलेला योगेश. "आटप लवकर," तो सुजल्या ओठांतून म्हणाला. "तेरावं होऊ दे. मग तुझी बहीण घरी आणतोच. तात्यांनी शब्द घेतलाय तुझ्या बापाकडून."

"हलू नका," गजेंद्र म्हणाला.

कर्रर्र, खट्. बरोबर एक सेकंद. आणि त्या सेकंदात, त्या चिमुकल्या खिडकीत, बाबुरावचा उजवा अंगठा हलला. मग चारी बोटं. मांडीवरून उठून ती कॅमेऱ्याकडे वळली.

पुन्हा पडली. गजेंद्रशिवाय कोणी पाहिलं नव्हतं. बाहेर तिरडी तयार होती, शेजारच्या शेडमधले माग सुरू झाले होते, जमीन थरथरत होती.

"आला का?" योगेशने विचारलं.

गजेंद्रने जयश्रीच्या डोक्यावरची ती मुठीएवढी जागा आठवली. त्याने भाता दाबून झाकण बंद केलं.

"आला."

संध्याकाळी, स्मशानातून सगळे परतल्यावर, त्याने रीळ धुतलं. घरचे सगळे जवळपास नीट आले होते. बाबुरावचा उजवा हात पंख्यासारखा पुसट होता, त्याची गजेंद्रला कल्पना होतीच. पण बाबुरावच्या तोंडावर, मागून, कोणीतरी आणखी एक हात घट्ट दाबून धरला होता. कोपरापर्यंतचा. उजवा. त्यावरच्या बांगड्या मोजता येत होत्या.

तो हात जराही हलला नव्हता.