वना भोयाची जर्मनची होडी

लाईट गेली म्हणून बसलात माझ्याजवळ, एरवी कोण येतं. आता बसलाच आहात तर गप बसा. मध्ये कुणी हसलं तर मी उठून आत जाईन आणि कडी लावून घेईन.

ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही. मला वाचता येतंय कुठे? मास्तरने कान पिरगाळला त्या दिवशी शाळा सुटली ती सुटलीच. ही वना भोयाची गोष्ट आहे, आणि वना माझ्या या ओट्यावर बसून चहा प्यालेला माणूस होता.

नव्वद सालची दिवाळी होऊन गेली होती. वना सकाळी आला आणि म्हणाला, आबा, ट्रॅक्टर काढा, जळगावहून होडी आणायची आहे. मी म्हटलं, होडी पाण्यातून आणतात, ट्रॉलीत घालून कशाला? एरवी फटकन उलटं बोलणारा माणूस, पण तेव्हा हसलासुद्धा नाही. मग मी मुकाट्याने ट्रॅक्टर काढला.

त्याचा थोरला भाऊ हिलाल श्रावणात गेला होता. हतनूरच्या धरणाचं पाणी मागे फुगतं, तिथे जाळं काढायला गेला. दुसऱ्या दिवशी लाकडी होडी उलटी होऊन काठाला लागली. हिलाल लागला नाही. त्या पाण्याखाली आमचं जुनं गाव आहे. घरं, विहिरी, निंबाची झाडं, सगळं जसंच्या तसं खाली. माणूस त्यात अडकला की वर येत नाही.

हिलालची बायको भिकुबाई कुंकू पुसेना, बांगड्या फोडेना. म्हणे, डोळ्याने दाखवा, मग पुसते. बाया समजवायला गेल्या, त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. शेवटी वनाने तिला शब्द दिला. दादाचं एक हाड का होईना, वहिनी, तुझ्या पुढ्यात आणून ठेवीन. त्या घरात तेवढंच एक काम उरलं होतं.

लाकडी होडीच्या फळ्या फुटलेल्या. भर पाण्यात तळाशी लोखंडी गळ ओढत फिरायचं तर इंजिन पाहिजे. म्हणून ही होडी. कुठल्याशा सरकारी खात्याची, पुराच्या वेळी वापरलेली, भंगारात काढलेली. जर्मनची. तुमच्या आईच्या पातेल्याचं असतं ते जर्मन, त्याला तुम्ही अल्युमिनियम म्हणता. बुडाला पोचे, पत्रा जोडणाऱ्या रिबिटा ढिल्या, मागचं इंजिन पार जाम.

ती आम्ही सावद्याला कय्युम मिस्तरीकडे नेली. केळीच्या बागांवरची पंपाची इंजिनं तो दुरुस्त करायचा. होडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, “आबा, ये होडी है के बारातीची परात?” पण कामाला लागला. जुनं इंजिन काढून फेकलं. रॉकेलवर चालणारं पंपाचं इंजिन बसवलं, त्याला लांब दांडा आणि टोकाला पंखा. चालू करायचं पेट्रोलवर, तापलं की रॉकेलवर टाकायचं. मग होडी दोन लाकडांवर ठेवून आत पाणी भरलं. जिथे जिथे ठिबकलं तिथे खालून वनाने खडूने खुणा केल्या. वेल्डिंग त्या पत्र्याला धरत नाही, भोक उलट मोठं होतं. म्हणून नव्या रिबिटा, खाली ट्यूबचं रबर आणि डांबर.

वना तिथेच झोपायचा. हात काळे, कपडे काळे. त्या दिवसांत तो जरा माणसात आल्यासारखा वाटला मला. मला काय, काहीही वाटतं.

इकडे भाऊबंद अडून बसले. हिलालचं दिवसकार्य झालेलं नाही म्हणून घराण्यातली लग्नं थांबलेली. प्रेत नसलं तर पळसाच्या पानांचा माणूस करतात, ठाऊक आहे का तुम्हाला? कुठून असणार. पानांचे हात, पानांचे पाय, डोक्याला नारळ. त्याला मेलेल्याच्या अंगावरचा कपडा घालायचा आणि माणसासारखाच जाळायचा. मार्गशीर्षाच्या अमावास्येला त्यांनी तो केला. सावद्याला निरोप गेला, तर वना म्हणाला, तुमचं तुम्ही करा, मला दादा शोधायचाय.

गुरुजींनी कपडा मागितला. भिकुबाई आत गेली, घडी घातलेला सदरा घेऊन आली आणि स्वतःच्या हाताने त्या पानांना घातला. रडली नाही. तो जाळून माणसं परत आली तरी कुंकू तसंच. कुणी बोललं की म्हणायची, ते पानाचं होतं.

मग एक्क्याण्णव साल लागलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाची कर, मंगळवार, वर पौषाची अमावास्या. करीच्या दिवशी आपण नवं काही सुरू करत नाही. मी वनाला हे सांगितलं. तो म्हणाला, “दिवसा वारा असतो आबा, आज रातीचा तो पडलाय. दादा पाच महिने पाण्यात हाये, आन तुम्ही मले तिथी सांगता?”

मी ट्रॅक्टर चालू केला.

रात्री जेवणवेळेला ट्रॉली पाण्याला लावली. होडी उतरवली. एक थेंब आत आला नाही. इंजिन सवय नसलेल्या हाताला ऐकणार नाही म्हणून कय्युमही बसला. मी काठावर, ट्रॅक्टरच्या बोनेटला पाठ लावून. दिसत काही नव्हतं. इंजिनाचा आवाज तेवढा लांब लांब जात होता. मग एका जागी फिरायला लागला. जुन्या गावावर पोचले, मी ओळखलं.

मग आवाज बंद झाला.

मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली... नाही. बऱ्याच वेळाने वल्ह्याचा आवाज आला. होडी काठाला टेकली.

होडीत कय्युम एकटा होता.

त्याने जे सांगितलं तेच सांगतो, माझं त्यात काही नाही.

वनाने गळ सोडला होता. फिरता फिरता गळ अडकला. दोर ताणला. इंजिन ओरडतंय, होडी जागची हलत नाही. मग दोर एकदम ढिला पडला. वना ओढू लागला तर वजनच नाही. गळाला कापड आलं. कय्युमने टॉर्च मारली.

सदरा.

वनाने तो मांडीवर पसरला. खिशावरून बोट फिरवलं. खिसा जाळ्याच्या दोऱ्याने शिवलेला.

“मिस्तरी, हा माझा सदरा हाये.”

कय्युम म्हणाला, बाजारात एकसारखे शंभर मिळतात. वना म्हणाला, खिसा मी शिवलाय. वहिनीकडे धुवायला दिला होता.

तेवढ्यात इंजिन बंद पडलं. टाकीत रॉकेल होतं. होडी वनाच्या बाजूला कलली. कय्युम सरकून दुसऱ्या काठाला बसला. तरी कललेलीच. आणखी कलली.

वना पाण्यावर वाकला. ऐकत होता.

“दादा...?”

काही नाही.

मग वना हळूच म्हणाला, “हो.”

कुणी काही विचारलं की म्हणतो ना माणूस... तसं.

टॉर्च चालू होती. वारा नव्हता. कय्युमची पापणी लवली म्हणा. तेवढंच.

वना नव्हता.

पाण्याचा आवाज झाला नाही. पाण्यावर एक वळसा उठला नाही. होडी आपोआप सरळ झाली. सदराही नव्हता.

दुसऱ्या दिवशी कय्युमला घेऊन मी भिकुबाईकडे गेलो. सदऱ्याचं ऐकलं आणि तिने हातातलं काम खाली ठेवलं. मी विचारलं, त्या पानांना तू कुणाचा सदरा घातला होतास?

म्हणाली, “त्यायचा सदरा जाळला असता आबा, तं घरी आल्यावर त्यायनी घातलं काय असतं?”

हातात येईल तो दिला होता तिने. आत दिराचा धुऊन घडी घालून ठेवलेला होता. कुणाचं वाईट करायचं तिच्या मनातही नव्हतं.

पण त्या अमावास्येला जळला तो हिलाल नव्हता.

वनाचं प्रेत मिळालं नाही. भाऊबंद पुन्हा गुरुजींकडे गेले, पळसाचा माणूस करा म्हणाले. गुरुजींनी सदऱ्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, त्याचं होऊन गेलंय, एका माणसाचं दोनदा होत नाही. आणि हिलालचा कपडा भिकुबाई देईना. घरात दोघं पुरुष होते. ज्याचं केलं तो जिवंत होता, आणि मेला त्याचं अजून बाकी आहे. यावर तुमच्या कॉलेजात उपाय शिकवत असतील तर सांगा.

चैत्रात मी पंपाच्या कामाने सावद्याला गेलो. कय्युम मला दुकानामागे घेऊन गेला. होडी त्यानेच परत नेली होती, तिथे पालथी ठेवलेली होती. पाण्यापासून दोन-तीन कोस लांब, रणरणत्या उन्हात. त्याने ती एका अंगाने उचलून धरली आणि म्हणाला, काठ बघा.

वना बसायचा त्या बाजूला पत्रा दबला होता. मऊ पिठात बोटं रुतावीत तसा. चार बोटं आतून, अंगठा बाहेरून. पाण्यातला माणूस होडीचा काठ धरतो तशी पकड. एका पुरुषाचे दोन हात. त्याच्या शेजारी दुसऱ्या पुरुषाचे दोन हात. कय्युम म्हणाला, हातोडीने सपाट करतो, सकाळी परत असतं.

मग त्याने पुढे बोट दाखवलं. आजच सकाळी आलंय, म्हणाला.

तिथे तिसरी पकड होती. हात लहान. आणि मनगटाच्या जागी, बाहेरच्या अंगाला, पत्र्यात बारीक बारीक कमानी उठल्या होत्या... एकाखाली एक. बांगड्यांच्या.

त्या सकाळी मी गावातून निघालो तेव्हा भिकुबाई धडधाकट, डोक्यावर दळण घेऊन माझ्यासमोरून गेली होती.